क्रूझवरचा सुरक्षा सराव: प्रवाशाने काय, केव्हा आणि कसे करावे

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे प्रवासी जहाज खडकावर आदळले. त्या वेळी जहाजावर ४,२०० हून अधिक माणसे होती आणि त्यांपैकी सुमारे ७०० प्रवासी त्याच संध्याकाळी चिव्हितावेक्किया बंदरात चढलेले होते. त्यांचा सुरक्षा सराव दुसऱ्या दिवसावर ठेवलेला होता, आणि नव्याने चढलेल्यांचा सराव चोवीस तासांत घेतला तरी चालेल अशी तेव्हाची तरतूद असल्यामुळे ते नियमात बसतही होते. दुर्घटनेत ३२ जण मरण पावले. जहाजावर वेटरचे काम करणारा मुंबईकडचा एक तरुणही त्यांत होता. त्याचे अवशेष नोव्हेंबर २०१४ मध्ये, जहाज मोडीत काढले जात असताना सापडले.

‘टायटॅनिक’नंतर १९१४ मध्ये पहिल्यांदा तयार झालेला आणि १९७४ च्या स्वरूपात आज लागू असलेला ‘सोलास’ हा करार जगभरच्या जहाजांच्या सुरक्षेचा पाया आहे. कॉन्कॉर्डियानंतर त्यात दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी २०१५ पासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी प्रवाशांचा सराव घेणे बंधनकारक ठरले. त्यामुळे आज मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून गोव्याला किंवा लक्षद्वीपला निघणाऱ्या प्रवाशालाही सामान केबिनमध्ये टाकून स्विमिंग पूलकडे धाव घेण्याआधी या सरावातून जावे लागते. बहुतेकांना ती कटकट वाटते. मात्र या सरावातून आपल्याला नेमके काय घेऊन बाहेर पडायचे आहे, हे आधीच ठाऊक असेल, तर तेवढाच वेळ सत्कारणी लागतो.

घरून निघण्यापूर्वी

तयारीची सुरुवात तिकीट काढतानाच होते. घरातल्या कोणाला चाकाची खुर्ची लागत असेल, ऐकू कमी येत असेल, दिसत कमी असेल किंवा जिने उतरणे कठीण जात असेल, तर ते बुकिंगच्या वेळी सांगून नोंद करून घ्यावे. ‘उगाच कशाला सांगायचे, आपण सांभाळून घेऊ’ ही आपल्याकडची सवय इथे अंगाशी येऊ शकते. आणीबाणीत विशेष मदत लागणाऱ्या प्रवाशांची यादी कॅप्टनकडे असावी असा नियम आहे आणि त्या यादीवरूनच कोणत्या केबिनकडे मदतीला माणूस धाडायचा हे ठरते. यादीत नाव नसेल, तर लिफ्ट बंद पडल्यावर आठव्या डेकवर गुडघेदुखीच्या आजी बसल्या आहेत, हे कोणालाही कळणार नाही. ऐकू न येणाऱ्यांसाठी दिव्याने किंवा कंपनाने इशारा देणारे उपकरण मिळते का, हेही याच वेळी विचारावे.

सामानात तीन गोष्टी हाताशी राहतील अशा ठेवाव्यात: एक लहान टॉर्च, मागून पट्टा असलेले किंवा पूर्ण बंद बूट, आणि रोजची औषधे व चष्मा मावेल एवढी छोटी पिशवी. मोबाईलचा दिवा आहेच, पण आणीबाणीत मोबाईल चार्जिंगला लावलेला असतो किंवा त्यावर तुम्ही नातेवाईकांना शोधत असता. इस्त्री, कॉइलची किटली, मेणबत्ती, उदबत्ती आणि घरचे एक्स्टेन्शन बोर्ड घरीच ठेवावेत. जहाजावर यांतल्या बहुतेक वस्तू चढतानाच काढून घेतल्या जातात आणि त्यामागचे कारण आगीच्या भागात येईलच.

केबिनमधला पहिला अर्धा तास

केबिनमध्ये शिरल्यावर बॅगा उघडण्याआधी दाराच्या आतल्या बाजूला लावलेला नकाशा पाहावा. त्यावर तुमची केबिन, तुमचे मस्टर स्टेशन, म्हणजे आणीबाणीत जमण्याची जागा, आणि तिथे जाण्याचा रस्ता दाखवलेला असतो. स्टेशनचा क्रमांक किंवा अक्षर बहुधा तुमच्या केबिनच्या कार्डावरही छापलेला असतो. ही जागा उघड्या डेकवर लाइफबोटींखाली असेलच असे नाही; अनेक जहाजांवर ती नाट्यगृह, रेस्टॉरंट किंवा लाउंजमध्ये असते.

मग कपाटाचा वरचा कप्पा किंवा पलंगाखालची जागा पाहून लाइफ जॅकेटे आहेत का ते तपासावे. काही जहाजांवर ती केबिनमध्ये न ठेवता मस्टर स्टेशनवर ठेवलेली असतात. तसे असल्यास नकाशाजवळ किंवा टीव्हीवरच्या सूचनेत लिहिलेले असते. बरोबर लहान मूल असेल, तर त्याच्या मापाचे जॅकेट तिथल्या तिथे मागून घ्यावे. सोलासच्या मापांनुसार १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या तान्ह्या बाळांसाठी वेगळे, १५ ते ४३ किलोच्या मुलांसाठी वेगळे आणि त्यापुढे मोठ्यांचे जॅकेट असते. मोठ्यांचे जॅकेट पाच वर्षांच्या मुलाला आवळून बांधले, तरी पाण्यात ते वर सरकते आणि मूल त्यातून निसटू शकते.

यानंतरची पायरी बहुतेक कोणीच करत नाही, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. घरातल्या सगळ्यांनी मिळून केबिनच्या दारापासून मस्टर स्टेशनपर्यंत चालत जावे. लिफ्टने नव्हे, जिन्याने. दाराबाहेर कोणत्या बाजूला वळायचे आणि जिन्यापर्यंत किती दारे लागतात, ते मोठ्याने मोजावे. ‘उजवीकडे, सात दारे, मग जिना, तीन मजले खाली’ एवढे मुलांकडून पाठ करून घ्यावे. क्रूझवरचे कॉरिडॉर इतके एकसारखे असतात की दोन दिवसांनी, भर उजेडातही, माणसे चुकून उलट दिशेला निघतात. धुरात छतावरचे दिवे दिसेनासे होतात आणि जमिनीलगत लावलेली प्रकाशाची पट्टीच तेवढी दिसते; ती पट्टी कुठून कुठे जाते, तेही चालताना पाहून ठेवावे. येताना दुसऱ्या जिन्याने परतावे, म्हणजे एक वाट बंद झाली तर दुसरी माहीत असेल.

सराव

पूर्वी सगळ्या प्रवाशांना एकाच वेळी, बहुधा जॅकेट घालून, स्टेशनवर उभे करत. २०२० पासून अनेक कंपन्यांनी पद्धत बदलली. आता सूचनांची चित्रफीत केबिनमधल्या टीव्हीवर किंवा मोबाईलवर पाहायची, भोंगा ऐकायचा आणि मग आपापल्या सवडीने स्टेशनवर जाऊन कार्ड स्कॅन करून यायचे. यात गर्दी टळते, रांगा टळतात, म्हाताऱ्यांना उन्हात उभे राहावे लागत नाही. पण चित्रफीत चालू असताना निम्मे लक्ष बॅगा लावण्याकडे असते आणि सगळे हजर असताना ती जागा किती भरते, आवाज किती होतो, याचा अनुभव येत नाही. म्हणूनच स्टेशनवर कार्ड दाखवून लगेच पाठ फिरवू नये. तिथल्या कर्मचाऱ्याला दोन-तीन प्रश्न विचारावेत: आमची लाइफबोट कोणती, जॅकेट इथे मिळणार की केबिनमधून आणायचे, आणि मुले किड्स क्लबमध्ये असताना भोंगा झाला तर त्यांना कुठे आणले जाईल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कंपनीचे वेगळे असते.

सरावात ओळखून ठेवायचा आवाज एकच आहे: सात किंवा अधिक छोटे भोंगे आणि त्यापाठोपाठ एक लांब भोंगा. जगात कुठल्याही जहाजावर हा सर्वसाधारण धोक्याचा इशारा आहे. त्याखेरीज ध्वनिक्षेपकावर ‘ब्राव्हो’, ‘अल्फा’, ‘ऑस्कर’ असे सांकेतिक शब्द ऐकू आले, तर ते कर्मचाऱ्यांसाठी असतात. त्यांचे अर्थ कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे इंटरनेटवरून पाठ केलेल्या अर्थावर विसंबून धावाधाव करू नये.

लाइफ जॅकेट

एकदा तरी केबिनमध्ये ते प्रत्यक्ष घालून पाहावे. क्रूझवरचे सर्वसाधारण जॅकेट फोमचे, नारिंगी, आणि डोक्यातून घालायचे असते. डोके आत गेल्यावर कमरेचा पट्टा पाठीमागून फिरवून पुढे आणायचा, बकल ‘खट्’ आवाज येईपर्यंत लावायचे आणि पट्ट्याचे मोकळे टोक ओढून घट्ट करायचे. बरोबर बसले आहे की नाही हे पाहण्यासाठी दुसऱ्याने दोन्ही खांद्यांपाशी धरून वर ओढावे. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकले, तर पट्टा सैल आहे. त्याला शिट्टी बांधलेली असते आणि छोटा दिवाही असतो, तो किमान आठ तास जळेल असा असावा लागतो. पट्ट्याचे लोंबते टोक खोचून टाकावे, कारण जिन्यावर मागच्याचा पाय त्यावर पडतो. साडी किंवा ओढणी असेल, तर पदर व ओढणी आधी खोचून त्यावर जॅकेट घालावे.

जॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी मारण्याची वेळ सहसा येऊ देत नाहीत. आलीच, तर सांगितल्याशिवाय उडी घेऊ नये, खाली माणूस किंवा लाकूड नाही ना ते पाहावे, एका हाताने नाक-तोंड झाकून दुसऱ्या हाताने जॅकेट छातीशी खाली दाबून धरावे, पाय जुळवावेत आणि समोर पाहत पाऊल पुढे टाकावे. जॅकेट दाबून धरले नाही, तर पाण्याच्या धक्क्याने ते हनुवटीवर आदळते.

खरोखर भोंगा वाजला तर

सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे जहाज सोडण्याचा आदेश नव्हे. त्याचा अर्थ एवढाच, की प्रवाशांनी आपापल्या स्टेशनवर जमावे. जहाज सोडण्याचा आदेश कॅप्टनकडून वेगळा दिला जातो आणि बहुतेक प्रसंगी तो दिलाच जात नाही, कारण तरंगत असलेले मोठे जहाज हे समुद्रातल्या कोणत्याही होडीपेक्षा सुरक्षित असते. १ जुलै २०१० नंतर बांधलेली मोठी प्रवासी जहाजे तर अशीच रचलेली असतात, की ठरावीक मर्यादेतली आग लागली किंवा एका कप्प्यात पाणी शिरले, तरी जहाजाने स्वतःच्या ताकदीवर बंदर गाठावे.

२३ मार्च २०१९ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ ‘व्हायकिंग स्काय’ या जहाजावर नेमके हे दिसले. खवळलेल्या समुद्रात इंजिनांना वंगणतेलाचा पुरवठा तुटला, सगळी इंजिने बंद पडली आणि १,३७३ माणसांना घेऊन जहाज खडकांकडे वाहत निघाले. लाटा इतक्या मोठ्या होत्या की लाइफबोटी सोडणेच धोक्याचे होते. प्रवासी जॅकेट घालून स्टेशनवर तासन्‌तास बसून राहिले, ४७९ जणांना हेलिकॉप्टरने एकेक करून उचलले, आणि इंजिने पुन्हा सुरू झाल्यावर उरलेल्यांना घेऊन जहाज दुसऱ्या दिवशी मोल्डे बंदरात पोहोचले.

उलट कॉन्कॉर्डियावर खडकाचा धक्का बसला रात्री पावणेदहाच्या सुमारास, आणि जहाज सोडण्याचा आदेश तासाभराहून अधिक उशिराने आला. तोवर जहाज इतके कलू लागले होते की नंतर वरच्या बाजूच्या लाइफबोटी सोडणे अवघड झाले. यातून प्रवाशाने घ्यायची गोष्ट अशी: घोषणेत ‘विजेचा किरकोळ बिघाड आहे’ असे म्हटले जात असले, तरी जहाज एका बाजूला कललेलेच राहत असेल किंवा दिवे जाऊन आणीबाणीचे दिवे लागले असतील, तर केबिनमध्ये झोपून राहू नये; बूट घालून, औषधांची पिशवी आणि जॅकेट घेऊन स्टेशनजवळ जाऊन थांबायला कोणाची परवानगी लागत नाही.

भोंगा झाल्यावर केबिनमध्ये असाल, तर गरम कपडे, बूट, औषधे, जॅकेट एवढेच घ्यावे आणि निघावे. दागिन्यांचा डबा आणि चाकांची बॅग जिन्यावर दहा माणसांची वाट अडवतात. केबिनपासून लांब, म्हणजे डेकवर किंवा कॅसिनोत असाल, तर जॅकेट आणायला प्रवाहाच्या उलट दिशेने धावू नये. स्टेशनवर जादा जॅकेटे असतात, कारण माणसांपेक्षा अधिक जॅकेटे ठेवणे बंधनकारक आहे.

आपल्याकडच्या एकत्र कुटुंबांना इथे एक खास अडचण येते. पंधरा माणसांचा गोतावळा पाच केबिनमध्ये विभागलेला असेल, तर सगळ्यांचे स्टेशन एकच असेलच असे नाही. भोंगा झाल्यावर मोठा भाऊ आईला शोधायला, वहिनी मुलांना शोधायला आणि मामा सगळ्यांना शोधायला निघाले, की स्टेशनवरची हजेरी जुळत नाही, आणि हजेरी जुळेपर्यंत कर्मचाऱ्यांना तुमच्या केबिनमध्ये तुम्हाला शोधायला माणसे पाठवावी लागतात. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवून टाकावे: प्रत्येकाने आपापल्या स्टेशनवर जायचे, शोधाशोध करायची नाही, हरवलेल्याबद्दल तिथल्या कर्मचाऱ्याला सांगायचे. शक्य असेल, तर बुकिंगच्या वेळीच जवळजवळच्या केबिन मागाव्यात. लहान मूल आणि त्याला सांभाळणारे मोठे माणूस मात्र एकाच केबिनमध्ये हवे.

लाइफबोटीत

सगळे जमून जॅकेट घालून झाल्यानंतर, जहाज सोडण्याचा आदेश मिळाल्यापासून ३० मिनिटांत सगळ्या लाइफबोटी आणि तराफे माणसांसह पाण्यात उतरवता यावेत, असा नियम आहे. एका बोटीत साधारण १५० माणसे बसतात, आणि ती अगदी खेटून बसतात. चढताना कर्मचारी सांगेल त्या बाकाच्या टोकापर्यंत सरकावे, दाराजवळ थांबू नये, पट्टा असेल तर लावावा आणि हात बोटीच्या बाहेर ठेवू नयेत, कारण खाली उतरताना बोट जहाजाच्या बाजूवर आपटू शकते. आत प्रत्येकी तीन लिटर पाणी, कोरडे अन्न आणि उलटी थांबवणाऱ्या गोळ्या असतात. पोट ठीक वाटत असले, तरी गोळी मिळताच घ्यावी. छोट्या बंद बोटीत एकाला उलटी झाली की शेजारच्या चौघांना होते, आणि उलट्यांनी अंगातले पाणी कमी होते.

आग

क्रूझवर प्रवाशांना बुडण्यापेक्षा आगीचीच गाठ पडण्याची शक्यता जास्त. २३ मार्च २००६ रोजी जमैकाजवळ ‘स्टार प्रिन्सेस’ जहाजावर बाल्कनीत आग लागली, ती बहुधा कोणीतरी टाकलेल्या पेटत्या सिगारेटमुळे. बाल्कन्यांमधल्या प्लॅस्टिकच्या आडभिंतींवरून ती डेकमागून डेक पसरत गेली आणि धुरामुळे एका प्रवाशाचा मृत्यू झाला. त्यानंतर बाल्कन्यांचे सामान आणि आग-सूचक यंत्रणा यांचे नियम कडक झाले. इस्त्री आणि एक्स्टेन्शन बोर्ड यांच्यावरची बंदी हा त्याच काळजीचा भाग आहे. सिगारेट ठरलेल्या जागीच ओढावी आणि थोटूक समुद्रात फेकू नये, कारण वाऱ्याने ते खालच्या कोणाच्यातरी बाल्कनीत जाऊन पडते.

धुराचा वास आला, तर आधी केबिनच्या फोनवरून आणीबाणीच्या क्रमांकावर कळवावे. तो क्रमांक फोनवरच छापलेला असतो. बाहेर पडण्यापूर्वी दाराला हाताची मागची बाजू लावून पाहावी. दार गरम असेल, तर उघडू नये, फटीत ओला टॉवेल कोंबावा आणि बाल्कनी असेल, तर तिथे जावे. गार असेल, तर वाकून, भिंतीला हात लावत, मोजलेली दारे मोजत जिन्याकडे जावे. वाटेत जाड आगरोधक दारे आपोआप बंद झालेली दिसतील. त्यांना कुलूप नसते. ढकलून पुढे जावे आणि मागे ती बंद होऊ द्यावीत. खालच्या डेकवरची जलरोधक सरकती दारे मात्र वेगळी. ती हायड्रॉलिक जोराने बंद होतात आणि मध्ये हात-पाय सापडला तरी थांबत नाहीत. ती सरकू लागली, की पलीकडे जाण्याचा प्रयत्नही करू नये.

कोणी पाण्यात पडले तर

जोराने ओरडावे, जवळचे लाइफबॉय, म्हणजे कठड्याला अडकवलेले तरंगते गोल कडे, पाण्यात फेकावे आणि पडलेल्या माणसावरून नजर हटू न देता त्याच्याकडे बोट रोखून उभे राहावे. फोन दुसऱ्याने करावा. चालत्या जहाजावरून काही क्षण नजर वळली, तरी लाटांत डोके पुन्हा सापडत नाही. स्वतः उडी मारू नये. जहाज वळून परत यायला बराच वेळ लागतो आणि शोधायची माणसे एकाची दोन होतात.

लक्षद्वीपला छोट्या बोटीत उतरताना

मोठ्या आणीबाणीची एवढी तयारी करून प्रवासी साध्या ठिकाणी निष्काळजी होतात, म्हणून हे शेवटचे. लक्षद्वीपच्या बेटांभोवती लगून, म्हणजे प्रवाळांनी वेढलेले उथळ पाणी, असल्यामुळे मोठे जहाज बाहेर खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना छोट्या बोटीत उतरवून बेटावर नेले जाते. दोन्ही बोटी हलत असताना एकीतून दुसरीत पाय टाकण्याचा तो क्षण सबंध सहलीत सर्वांत जोखमीचा असतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. बोटीवरच्या अनेक प्रवाशांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते.

जहाजाचा दरवाजा ओलांडण्यापूर्वीच जॅकेट घालून पट्टा घट्ट करावा. मोबाईल खिशात, पिशवी कर्मचाऱ्याच्या हाती आणि स्वतःचे दोन्ही हात मोकळे हवेत. उतरताना सेल्फीसाठी हात गुंतवणारे लोकच बहुधा घसरतात. बोट लाटेवर वर येऊन क्षणभर स्थिरावते तेव्हा खलाशी ‘चला’ म्हणतो. त्याच वेळी पाऊल टाकावे, उडी मारू नये, आणि त्याच्या बोटांना न धरता मनगटाला मनगट भिडवून पकड घ्यावी. चपला काढून हातात घेण्यापेक्षा पट्ट्याच्या सँडलसह उतरणे बरे. मूल कडेवर घेऊन स्वतः उतरू नये. आधी पालकाने उतरावे आणि मग मुलाला खलाशाकडून घ्यावे. समुद्र उचंबळलेला असेल आणि आजी-आजोबांना भीती वाटत असेल, तर त्यांनी त्या दिवशी जहाजावरच राहावे. बेटावर जाण्याची तिकिटे परत मिळोत न मिळोत, खलाशाने ‘आज नको’ म्हटले, की त्याच्याशी वाद घालू नये.